मधमाश्यांच्या अंकातलं विमान

राइट बंधूंचं विमान स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याचं सविस्तर वर्णन ज्याने पहिल्यांदा छापलं, तो मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी नियतकालिक चालवत होता. ओहायो राज्यातल्या मेडिना गावचे एमॉस रूट. मधाच्या पेट्या आणि त्याला लागणारं सामान विकण्याचा त्यांचा धंदा होता आणि ‘ग्लीनिंग्ज इन बी कल्चर’ हा अंक ते काढत. डेटनजवळ दोन सायकलवाले भाऊ उडायचं यंत्र घेऊन काहीतरी खटपट करताहेत, हे त्यांच्या कानावर आलं. म्हातारपणाकडे झुकलेला हा गृहस्थ त्या काळातल्या रस्त्यांवरून आपली मोटार हाकत सुमारे २०० मैल गेला. २० सप्टेंबर १९०४ रोजी हफमन प्रेअरीच्या गायरानावर विमानाने पहिल्यांदा पूर्ण वर्तुळ मारलं, तेव्हा रूट तिथे उभे होते. ते वर्णन १ जानेवारी १९०५ च्या अंकात आलं. रुळांवरून सुटलेलं आगगाडीचं इंजिन हवेत चढत थेट आपल्याकडे येतंय, त्याला चाकांऐवजी पांढरे पंख आहेत, अशी कल्पना करा, असं त्यांनी आपल्या मधपाळ वाचकांना सांगितलं.

हाच मजकूर त्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’लाही देऊ केला होता. त्या नामांकित पत्राने तो घेतला नाही. उलट जानेवारी १९०६ मध्ये राइट बंधूंच्या दाव्यांवर शंका घेणारा लेख छापला. त्यातला युक्तिवाद असा, की एवढी मोठी गोष्ट खरोखर घडली असती, तर आमच्या चौकस बातमीदारांनी ती केव्हाच हुडकून काढली असती. पुढे त्यांनी साक्षीदारांना पत्रं पाठवून चौकशी केली आणि त्याच वर्षात आपलं मत बदललं, हेही नोंदवायला हवं. पण पहिली बातमी मधमाश्यांच्या अंकाची, ती कायमचीच. कारण साधं आहे. रूट गेले आणि त्यांनी पाहिलं.

अमेरिकेतल्या विमानविषयक मासिकांचा विचार करताना मला रूट यांच्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. या मासिकांत जे जे उत्तम आहे, ते जाऊन आलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. ज्याने हात घातला, ज्याची त्रेधा उडाली, त्याने लिहिलेलं. जे कमअस्सल आहे, ते खुर्चीत बसून लिहिलेलं आहे.

माझी या मासिकांशी ओळख मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर झाली. जुन्या इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्यांत ‘फ्लाइंग’चे अंक असायचे, कधी ‘एअर प्रोग्रेस’, क्वचित ‘एव्हिएशन वीक’. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात कुणा अमेरिकन वर्गणीदाराच्या पत्त्याची चिकटपट्टी अर्धवट खरवडलेली. मी पायलट नाही, होण्याची ऐपतही नव्हती. तरी ढगात शिरल्यावर काय करायचं, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतं म्हणजे काय होतं, उतरताना वारा आडवा असेल तर विमानाचं नाक कुठे ठेवायचं, हे सगळं मी त्या पानांतून वाचत आलो. अशी मासिकं वाचणारे पण कधी न उडालेले लोक अमेरिकेतही भरपूर आहेत.

‘फ्लाइंग’चा जन्म ऑगस्ट १९२७ चा, शिकागोचा. त्याआधी मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकट्याने साडेतेहतीस तास उडून पॅरिसला उतरला होता आणि सगळ्या देशाला विमानाचं वेड लागलं होतं. विल्यम झिफ यांनी त्या लाटेवर ‘पॉप्युलर एव्हिएशन’ सुरू केलं. नावं बदलत बदलत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नुसतं ‘फ्लाइंग’ झालं. ‘एव्हिएशन वीक’ त्याहून जुनं, १९१६ चं. ते धंद्यातल्या लोकांचं, पुष्कळ वर्षं साप्ताहिक असलेलं; त्याच्याकडे नंतर येतो.

जुने अंक चाळताना मी जाहिरातींवर फार रेंगाळतो. १९५६ साली सेस्नाने १७२ हे विमान बाजारात आणलं. त्याआधीची बरीचशी छोटी विमानं जमिनीवर शेपूट टेकून उभी असत, नाक वर. चालवणाऱ्याला समोरची धावपट्टी धड दिसत नसे, आणि उतरताना जरा चुकलं की विमान गर्रकन फिरायचं. १७२ ला नाकाखाली तिसरं चाक होतं. सेस्नाने त्याला ‘लँड-ओ-मॅटिक’ असं नाव दिलं आणि जाहिरातीत सांगितलं, की मोटारीसारखं चालवत आकाशात न्या आणि चालवतच खाली आणा. चित्रात सूट घातलेला गृहस्थ, टोपी घातलेली बायको, मुलं, मागे हिरवळ. डॉक्टर, वकील, शेतकरी, विमा एजंट, ज्याच्याकडे दोन पैसे आहेत त्याने विमान घ्यावं, हे स्वप्न अमेरिकेने खरोखर पाहिलं होतं, आणि पुष्कळांनी ते घेतलंही.

पण मोटारीसारखं चालवून आकाशात गेलेला माणूस ढगात शिरला की काय होतं? जाहिरातीत हे नसे. ते त्याच अंकाच्या आतल्या पानावर असे.

त्या पानाचं नाव ‘आय लर्न्ड अबाउट फ्लाइंग फ्रॉम दॅट’. १९३९ पासून हे सदर चालू आहे. साचा ठरलेला. एक वाचक लिहितो, बहुधा हौशी पायलट. आपल्या हातून काय चुकलं, आपण कसे मरता मरता वाचलो, एवढंच. सोबत एक चित्र. बहुतेक गोष्टी रविवारच्या असतात. सोमवारी कामावर हजर व्हायचंय, बायको-मुलं सोबत आहेत, हवामान खात्याने ढग खाली येतील म्हणून सांगितलंय, तरी निघायचं. ढग खाली येऊ लागतात, तसं विमानही खाली येऊ लागतं. डोंगर तर आहेत तिथेच आहेत. ‘अजून थोडं पुढे जाऊन बघू’ हे वाक्य या ना त्या रूपात प्रत्येक गोष्टीत येतं. लिहिणारा जिवंत आहे म्हणूनच मजकूर छापला गेलाय, हे वाचताना पक्कं ठाऊक असतं. तरी घशाला कोरड पडते.

या लेखांची भाषा मला फार आवडते. कुणी स्वतःला शूर म्हणवत नाही, कुणी रडतही नाही. पेट्रोल किती होतं, उंची किती होती, कुठल्या वळणावर मागे फिरता आलं असतं आणि का फिरलो नाही, हे हिशोबाच्या वहीसारखं येतं. हा ‘का’च महत्त्वाचा. कुणाला मित्रासमोर माघार घ्यायची लाज वाटली. कुणाला भाड्याच्या विमानाचे वाढीव पैसे दिसत होते. हवामानापेक्षा स्वभावच जास्त नडला, हे वाचकाला न सांगता कळतं.

या साऱ्यामागचं शास्त्रही थोडं सांगतो, त्याशिवाय या सदराचं मोल कळायचं नाही. ढगात क्षितिज दिसत नाही. विमान अगदी सावकाश एका बाजूला कलायला लागलं, तर कानातल्या तोल सांभाळणाऱ्या द्रवाला ते कळतच नाही. पायलटला वाटतं, आपण सरळ चाललोय. विमान कललेलं, त्यामुळे नाक खाली जातं, वेग वाढतो. वेग वाढला म्हणून तो दांडी मागे ओढतो. कललेल्या विमानात दांडी ओढली, की नाक वर येण्याऐवजी वळण आवळत जातं. चक्री घट्ट होत जाते आणि ढगाच्या बुडाशी पोचेपर्यंत वेळ संपलेली असते. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेले २० पायलट घेतले आणि बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत त्यांना विमान चालवायला लावलं. सगळ्यांचा ताबा सुटला. कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत. सरासरी १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. हा आकडा अमेरिकेतल्या विमान-मासिकांनी पुढे पुन्हा पुन्हा छापला, आणि मला वाटतं, त्या पानांनी जितके जीव वाचवले तितके एखाद्या नियमाने क्वचितच वाचवले असतील. याचा पुरावा देता येत नाही, कारण जो मागे फिरला त्याची कुठेही नोंद होत नाही.

या परंपरेचा खरा पाया मात्र ‘फ्लाइंग’ने घातला नाही. तो घातला लेटन कॉलिन्स यांनी, १९३८ साली सुरू केलेल्या ‘एअर फॅक्ट्स’ या छोट्याशा मासिकातून. कॉलिन्स दर अंकात अपघातांविषयी लिहीत. अमुक ठिकाणी विमान पडलं, ते असं असं पडलं, कारण हे असावं. आज यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा विमानं बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना ते अजिबात रुचत नव्हतं. लोकांना विमान सुरक्षित आहे हे पटवायच्या काळात हा माणूस मेलेल्यांची यादी घेऊन बसला होता! पण कॉलिन्स यांचं म्हणणं स्वच्छ होतं. धोका आहे हे मान्य केल्याशिवाय तो टाळायचा कसा हे शिकवता येत नाही. वुल्फगँग लँगविश यांनी विमान मुळात उडतं कसं आणि पडतं कसं यावरचे लेख याच मासिकात लिहिले. त्यांतूनच १९४४ चं ‘स्टिक अँड रडर’ हे पुस्तक उभं राहिलं, जे आजही प्रशिक्षणार्थींच्या हातात असतं. वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या लहान मासिकाने एवढं करावं, हे मला थोर वाटतं.

लेटन यांचा मुलगा रिचर्ड कॉलिन्स. तो पुढे ‘फ्लाइंग’मध्ये आला, संपादक झाला. तो लिहायचा ते स्वतःच्या विमानातून उडून. १९७९ मध्ये घेतलेलं सेस्ना पी-२१० त्याने पंचवीसहून अधिक वर्षं चालवलं, तेही चांगल्या-वाईट सगळ्या हवेत. वादळाच्या कडेने गेलो तर काय दिसलं, रडारने काय दाखवलं, मी कुठे वळलो, हे तो सांगे. वडिलांप्रमाणेच अपघातांच्या आकडेवारीकडे सरळ बघायची त्याला सवय होती, आणि त्यामुळे ज्यांना आपलं लाडकं विमान निर्दोष वाटे असे वाचक त्याच्यावर चिडतही. म्हातारपणी विमान चालवणं थांबवायची वेळ आली, तेव्हा त्याविषयीही त्याने त्याच कोरड्या प्रामाणिकपणाने लिहिलं. २०१८ मध्ये तो गेला. ‘एअर फॅक्ट्स’ १९७० च्या दशकात बंद पडलं होतं, ते २०११ मध्ये इंटरनेटवर पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यात त्याचा हात होता.

चूक लपवली तर काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए या अमेरिकन एअरलाइनचं ५१४ क्रमांकाच्या उड्डाणाचं बोइंग ७२७ वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरत होतं. नियंत्रकाने उतरायला परवानगी दिली. पायलटांनी तिचा अर्थ असा घेतला, की आता थेट खालच्या उंचीवर यायला हरकत नाही. मध्ये व्हर्जिनियातला माउंट वेदर नावाचा डोंगर होता. ९२ माणसं गेली. चौकशीत बाहेर आलं, की सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका एअरलाइनच्या विमानाने तिथेच तीच गल्लत केली होती आणि ते थोडक्यात वाचलं होतं. त्या एअरलाइनने आपल्या पायलटांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलं नाही.

त्यानंतर १९७६ साली नासाच्या देखरेखीखाली एक व्यवस्था सुरू झाली. पायलटने, नियंत्रकाने, कुणीही आपली चूक लिहून पाठवायची. नाव काढून टाकलं जातं, आणि चूक जाणूनबुजून केलेली नसेल, तर वेळेत कळवणाऱ्याला शिक्षेपासून बरंचसं संरक्षण मिळतं. त्यातले निवडक किस्से १९७९ पासून ‘कॉलबॅक’ नावाच्या छोट्या मासिक पत्रकात छापतात. ते वाचताना मला दर वेळी ‘फ्लाइंग’चं ते सदर आठवतं. सरकारला जे १९७६ मध्ये सुचलं, ते मासिकाच्या वाचकांनी १९३९ पासून आपणहून चालवलं होतं, आणि पुष्कळदा स्वतःचं नाव घालून.

आपल्याकडे ट्रेकर, डॉक्टर, एसटीचे जुने ड्रायव्हर गप्पांना बसले की असे किस्से भरपूर निघतात. सह्याद्रीत वाट चुकून रात्र काढल्याच्या कथा कुणाकडे नाहीत? पण माझं इथे चुकलं, असं वागू नका, एवढ्यासाठीच चालणारं नावानिशीचं सदर मला मराठीत आढळलेलं नाही. दिवाळी अंकांची एवढी मोठी परंपरा असताना ही उणीव मला फार जाणवते.

आता ‘एव्हिएशन वीक’. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी हवाई दलाचा वैमानिक चक येगर याने बेल एक्स-१ या रॉकेट-विमानातून आवाजाचा वेग ओलांडला. हवाई दलाने ते गुपित ठेवलं होतं. डिसेंबरमध्ये ‘एव्हिएशन वीक’ने ते छापून टाकलं, सरकारचा संताप झाला, आणि अधिकृत कबुली १९४८ चा जून उजाडेपर्यंत आली नाही. अशा बातम्यांमुळे लोक त्याला ‘एव्हिएशन लीक’ म्हणू लागले. याच साप्ताहिकाने डिसेंबर १९५८ मध्ये रशियाने अणुशक्तीवर चालणारं बॉम्बर विमान उडवलंय, असंही ठासून छापलं. तसं विमान नव्हतंच. शीतयुद्धाची भीती, ऐकीव माहिती, आणि कुणीही जाऊन पाहिलेलं नाही.

१९५५ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ने पॉल पोबेरेझ्नी या माणसाचे लेख छापले. ८०० डॉलरच्या आत, इंजिनासकट, घरच्या गॅरेजमध्ये ‘बेबी एस’ हे विमान कसं बांधायचं. पोबेरेझ्नीने दोन वर्षांपूर्वी मिलवॉकीला हौशी विमान बांधणाऱ्यांची ईएए ही संघटना काढली होती, मूठभर लोकांची. या लेखांनंतर देशभरातून पत्रांचा पाऊस पडला. तिचं ‘स्पोर्ट एव्हिएशन’ हे मासिक आजही निघतं, आणि जुलैअखेर ऑशकॉश गावी भरणारी तिची जत्रा जगभर ठाऊक आहे. लाकडी फासळीला सरस कसा लावायचा, कापड कसं ताणायचं, वेल्डिंगचा टाका कसा दिसला तर तो कच्चा समजायचा, असले लेख वाचताना विमान चालवायची ओढ नसलेल्या माणसाचेही हात शिवशिवतात.

मग ओहोटी. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी अशी छोटी-मध्यम मिळून १७,८११ विमानं बनवली. १९९४ मध्ये ९२८. इंधन महागलं, मंदी आली, आणि विमान कितीही जुनं असलं तरी अपघात झाला की बनवणाऱ्यावर दावा लागू लागला. १९८६ मध्ये सेस्नाने एका पिस्टन इंजिनाची विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ च्या कायद्याने १८ वर्षांहून जुन्या विमानांसाठी कारखानदारांची जबाबदारी मर्यादित केली, तेव्हा ते पुन्हा सुरू झालं. पण मासिकांचे जाहिरातदार मधल्या काळात आटले ते आटलेच. ‘फ्लाइंग’ झिफ यांच्या झिफ-डेव्हिस कंपनीकडून सीबीएस कंपनीकडे, मग आणखी हात बदलत २०२१ मध्ये क्रेग फुलर या उद्योजकाकडे आलं, ज्याने नंतर आणखीही काही विमान-मासिकं घेतली. स्मिथ्सोनियनचं ‘एअर अँड स्पेस’ १९८६ मध्ये सुरू झालं होतं, इतिहास आणि अंतराळ यांवर इतकं सुरेख छापलेलं दुसरं मासिक मी पाहिलेलं नाही. तेही २०२२ मध्ये आपल्या जुन्या रूपात थांबलं. संघटनांची मासिकं, म्हणजे ईएएचं आणि वैमानिकांच्या संघटनेचं ‘एओपीए पायलट’, तगून आहेत, कारण ती सभासदत्वाबरोबर घरी येतात.

आज अपघात झाला की चोवीस तासांत त्याचं विश्लेषण करणारे व्हिडिओ येतात. त्यांतले काही उत्तम असतात, मी ते पाहतो. पण तिथे दुसऱ्याची चूक असते, आणि ती सांगायला तो दुसरा बहुधा उरलेला नसतो. त्या जुन्या सदरात माणूस काही महिने, कधी काही वर्षं स्वतःशी झगडून मग लिहायला बसलेला असतो. ते दुसऱ्या कशातून भरून निघत नाही.

माझी भाची सध्या अमेरिकेत व्यावसायिक पायलटचं शिक्षण घेते आहे, आपल्याकडची बरीच मुलं-मुली जातात तशी. हवामान बिघडलं की विद्यार्थी तासन्तास शाळेच्या खोलीत बसून राहतात. तिथे मासिकांचा एक गठ्ठा पडलेला असतो. ती सांगते, की आधी सगळेजण शेवटची पानं उघडतात, चुकांची.

फुटपाथवर अंक शोधायची आता गरज नाही. ‘फ्लाइंग’चे १९२७ पासूनचे कित्येक दशकांचे अंक गुगल बुक्सवर पूर्ण आणि फुकट वाचता येतात, जाहिरातींसकट. कुणाला सुरुवात करायची असेल, तर १९७० च्या दशकातला कुठलाही अंक उघडा. त्यात गॉर्डन बॅक्स्टर शोधा. टेक्ससमधला रेडिओवाला, इंजिनाचा वास आणि पोटातली भीती त्याच्याइतकी कुणीच लिहिली नाही. थोडं पुढे आलात तर लेन मॉर्गन, ब्रॅनिफ एअरलाइन्सचा कॅप्टन, नोकरीतल्या रात्रींविषयी लिहिणारा. आणि पीटर गॅरिसन. त्याने ‘मेलमॉथ’ हे विमान स्वतः आखून बांधलं, त्यातून अटलांटिक ओलांडला, जपान गाठला. १९८२ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या एका विमानतळावर जमिनीवर उभं असताना दुसऱ्या विमानाने त्याचा चुराडा केला. त्याने ‘मेलमॉथ २’ बांधायला घेतलं, ते २००२ मध्ये उडालं, आणि मधली वीस वर्षं तो दर महिन्याला लिहीत होता.